दुधाच्या पिशवीतला दात

मागच्या वर्षी जानेवारीत, आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा चालू होती तेव्हाची गोष्ट. दुपारी मशीनवर बसले होते, एका शाळेच्या शर्टांच्या कॉलर लावायच्या राहिल्या होत्या, आणि धाकट्याच्या खो-खोच्या सरांचा फोन आला. ताई घाबरू नका, पण लगेच ग्राउंडवर या, पोराचा दात पडलाय. तेरा वर्षांचं पोर, दुधाचे दात सगळे पडून गेलेले, मग दात पडला म्हणजे नेमकं काय झालं हेच मला दोन मिनिटं कळेना. स्कूटी काढली आणि निघाले.

झालं असं होतं की पळणाऱ्याला खांबाजवळ गाठायला ह्यानं उडी मारली आणि तोंड थेट लाकडी खांबावर आपटलं. वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर येऊन मातीत पडला. सरांनी बिचाऱ्यांनी तो उचलून रुमालात गुंडाळून ठेवला होता, आपण कुणीही तेच केलं असतं. पण तिथं एका मुलीची आई आली होती, ती हॉस्पिटलमध्ये सिस्टर आहे, तिनं बघितलं आणि म्हणाली रुमालात नका ठेवू, वाळून जाईल, दूध आणा. पोरं एकमेकांना "पळ बे, पळ बे" करत कोपऱ्यावरच्या दुकानातून दुधाची पिशवी घेऊन आली, तिनं पिशवीचं टोक कापलं, दात पांढऱ्या बाजूनं चिमटीत धरला, मुळाला हात न लावता त्यावरची माती थोड्या दुधानं धुतली आणि दात पिशवीत सोडला. मी पोचले तेव्हा माझं पोर एका हातानं ओठाला टॉवेल लावून आणि दुसऱ्या हातात दुधाची पिशवी घट्ट धरून बसलेलं होतं. रडत नव्हतं. मला बघितल्यावर रडलं.

होम मैदानाकडं यात्रेची गर्दी म्हणून गल्लीबोळातनं काढत सात रस्ता चौकाकडच्या दातांच्या डॉक्टरांकडं गेलो. दात पडल्यापासून तिथं पोचेपर्यंत पाऊण तास झाला असेल. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो कसा पडला हा नाही, दात कोरडा किती वेळ होता हा. मी म्हणलं सात-आठ मिनिटं असेल, मग दुधात. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. भूल दिली, जागा सलाईननं धुतली, दात बोटानं हळूहळू दाबत जागेवर बसवला, एक्स-रे काढून नीट बसलाय का बघितलं आणि शेजारच्या दातांना एक बारीक लवचीक तार फिलिंगच्या मटेरियलनं चिकटवून दात धरून ठेवला. धनुर्वाताचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, दोन आठवडे मऊ भात-वरण, आणि दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनाल, कारण ह्या वयात मूळ पूर्ण तयार झालेलं असतं, आतली तुटलेली नस परत जिवंत होत नाही. खो-खो बंद. पोराला दातापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दोन आठवड्यांनी तार काढायला गेलो तेव्हा मी विचारलं, डॉक्टर, हा दात आता धरलाय कशानं? गोंदानं तर नाही. मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड ह्यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, मिलिमीटरचा साधारण पाचवा भाग एवढाच जाड, आणि त्यात मुळापासून हाडापर्यंत हजारो बारीक धागे ताणलेले असतात. माझे वडील चादरीच्या मागावर होते, मला बीमवरचा ताणा, म्हणजे घट्ट ओढलेले उभे धागे, लहानपणापासून माहिती, मी म्हणलं म्हणजे ताण्यासारखे? ते म्हणाले अगदी तसेच. आपण कडक भाकरी चावतो तेव्हा तो दाब हेच धागे झेलतात. दात उपटून बाहेर येतो तेव्हा हे धागे तुटतात, पण त्यातल्या जिवंत पेशी मुळाला चिकटून येतात, आणि त्या जिवंत राहिल्या तरच धागे परत जुळतात. कोरड्या हवेत अर्ध्या तासानंतर त्या मरायला लागतात, तासाभरानं बहुतेक सगळ्या संपतात. साध्या पाण्यात ठेवलं तर पाणी शोषून फुटतात. दुधात काही तास तग धरतात. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे जागच्या जागी, ग्राउंडवरच, दात धुऊन खळग्यात परत बसवायचा, रुमाल चावून धरायचा आणि डॉक्टरांकडं यायचं. हे ऐकून मला कसंतरी झालं, पण आता परत कुणावर वेळ आली तर मी करीन. फक्त दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नसतो, हिरडीच्या आतल्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते.

हे सगळं सांगून झालं आणि डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण तुमच्या पुढच्या दातांत ही फट आधीपासून होती का?"

नव्हती. लग्नाच्या अल्बममध्ये माझे दात एकाला एक चिकटलेले आहेत. चार-पाच वर्षांत फट पडत गेली आणि सगळे म्हणायचे फट असली की नशीब चांगलं असतं, म्हणून मीही काही मनावर घेतलं नाही. हिरड्यातनं रक्त तर धाकट्याच्या वेळी दिवस गेले तेव्हापासून यायचं. तेव्हा ते हार्मोनमुळं होतं, पुष्कळ बायकांना होतं, पण बाळंतपणानंतर थांबायला पाहिजे होतं ते थांबलं नाही, आणि तेरा वर्षं मी त्याला उष्णता म्हणत राहिले. सोलापुरात काहीही झालं की उष्णताच. सब्जा पी, ताक पी, तुरटीच्या पाण्यानं गुळण्या कर, मीठ चोळ, पेस्ट बदल. हे सगळं केलं. पेरू खाल्ला की पेरूवर लाल डाग, बेसिनमध्ये रोज सकाळी गुलाबी पाणी, इतकी सवय झाली होती की ते दिसायचंच बंद झालं होतं. आणि रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रश हळू फिरवायचा, मग फिरवायचाच नाही, ही माझी सगळ्यात मोठी चूक. रक्त येत होतं ते तिथं घाण साचली होती म्हणून, आणि मी नेमकी तीच जागा सोडून देत होते.

मला खुर्चीवर बसवलं. एक बारीक बोथट सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा, ती दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत घालून किती खोल जाते ते मोजतात, आणि डॉक्टर आकडे बोलत जातात, असिस्टंट मुलगी लिहून घेते. तीन, दोन, तीन. एक ते तीन नॉर्मल असतं. मग पाच, सहा, पाच. मग सात. प्रत्येक दाताला सहा जागी. मी वर दिव्याकडं बघत ते आकडे ऐकत होते आणि मला दुखत नव्हतं, तेच मला आता जास्त भीतीचं वाटतं. आतमध्ये सात मिलिमीटर खोल खिसा झालाय आणि दुखत काहीच नाही.

सगळ्या जबड्याचा मोठा एक्स-रे काढला. तो स्क्रीनवर लावून डॉक्टर म्हणाले, "पोराचे जे धागे आपण वाचवायला धावलो ना, तेच तुमचे दहा-बारा वर्षांपासून हळूहळू चाललेत. त्याचा दात एका सेकंदात निघाला म्हणून सगळे पळाले."

मी घरी येऊन रात्री ह्या वाक्यावर लई वेळ जागी होते.

म्हणजे होतं काय, तर दातावर जो पांढरा चिकट थर बसतो तो जंतूंचा असतो, तो ब्रशनं निघतो. राहिला तर थुंकीतल्या क्षारांमुळं काही दिवसांत कडक होऊन त्याचं कीटण होतं, ते मग ब्रशनं निघत नाही, आणि त्या खरखरीत कीटणावर अजून जंतू बसतात. हिरडी लाल होते, सुजते, रक्त येतं, इथपर्यंत असेल तर साफ केल्यावर सगळं पूर्ववत होतं. पण हे हिरडीच्या खाली सरकलं की शरीर त्या जंतूंशी लढता लढता स्वतःचेच धागे आणि स्वतःचंच हाड गमावत जातं, आणि गेलेलं हाड आपणहून परत येत नाही. आपण ज्याला पायोरिया म्हणतो तो हाच.

फाईलवर त्यांनी स्टेज ३, ग्रेड बी असं लिहिलं. स्टेज शब्द वाचून माझे हातपाय गार पडले, मला वाटलं कॅन्सर. तसं नाही, २०१७ मध्ये हिरड्यांच्या आजाराची नवी वर्गवारी ठरली, तेव्हापासून नुकसान किती झालंय ते स्टेज १ ते ४ मध्ये आणि किती वेगानं वाढेल ते ग्रेड ए, बी, सी मध्ये लिहितात. मग म्हणाले, तीन महिन्यांची शुगर कधी बघितलीय? मी कधीच बघितली नव्हती. एचबीए१सी, म्हणजे तीच तीन महिन्यांची शुगर, आली ८.१. सात किंवा त्याच्या वर असली की ग्रेड सी होते, म्हणून बी खोडून सी केलं. माझा डायबिटीस दातांच्या डॉक्टरांनी पकडला, फिजिशियनकडं मी त्यानंतर गेले. दोन्हीचा एकमेकांशी संबंध आहे, शुगर जास्त असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांतली सूज शुगर वर ठेवते. हिरड्यांचे उपचार नीट झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सीचा आकडा सरासरी ०.४ नं कमी होतो असं अभ्यासात दिसलंय. घरात कुणाला शुगर असेल तर त्यांच्या हिरड्या बघा, आणि हिरड्या सारख्या सुजत असतील तर शुगर बघा, एवढं तरी कराच.

घरी सांगितलं तर आमच्या जाऊबाई म्हणाल्या, मशीननं दात साफ करू नको, दात हलायला लागतात. हे मी शंभर जणांकडनं ऐकलंय आणि ह्याच भीतीनं मी इतकी वर्षं गेले नाही, म्हणून नीट सांगते. कीटण दातांच्या फटीत सिमेंटसारखं भरून बसलेलं असतं, खालचं हाड आधीच गेलेलं असतं, आणि ते कीटण हलत्या दातांना एकमेकांशी जोडून ठेवतं. ते काढल्यावर फटी दिसतात, सूज उतरल्यावर हिरडी खाली बसते, दात लांब वाटतात, गार पाणी झोंबतं. माझं हे सगळं झालं, पहिले तीन आठवडे मला जीभ लावली की दुसऱ्याच कुणाचे दात वाटायचे. पण मशीन फक्त कंप पावणाऱ्या टोकानं आणि पाण्यानं कीटण फोडते, ती दात घासून काढत नाही. दात आधीच सैल झालेला असतो, ते नंतर कळतं एवढंच.

माझं डीप क्लिनिंग चार वेळा मिळून झालं, एका वेळी तोंडाचा एक कोपरा, भूल देऊन, आधी मशीननं आणि मग हातातल्या बारीक अवजारांनी हिरडीखालचं मूळ खरवडून गुळगुळीत केलं. दुखलं नाही, पण तो खरवडायचा आवाज डोक्यात घुमतो. क्लोरहेक्सिडीनचं माऊथवॉश दोन आठवडे, त्यानं दात तपकिरी पडतात, घाबरायचं नाही, पुढच्या पॉलिशला डाग निघतात. आणि ते पेस्टनं ब्रश केल्यावर लगेच घ्यायचं नाही, अर्धा तास जाऊ द्यायचा, नाहीतर असर कमी होतो. सतत महिनोनमहिने घ्यायची ती वस्तूच नाही.

दोन महिन्यांनी परत आकडे मोजले. ह्या वेळी मी खुर्चीत मनातल्या मनात श्रीसिद्धेश्वराचं नाव घेत होते. बहुतेक पाच-सहाचे तीन-चार झाले होते. तीन जागा सहावरच राहिल्या, तिथं फ्लॅप सर्जरी केली, म्हणजे हिरडी थोडी उघडून डोळ्यांना दिसेल असं साफ करायचं, जिथं हाडात खड्डा पडलाय तिथं हाडाची पावडर भरायची आणि टाके घालायचे. तासाभराचं काम, दहा दिवसांनी टाके काढले. वर्षानंतरच्या एक्स-रेमध्ये एका जागी हाड थोडं भरलेलं दिसतंय. लेझरबद्दल मी विचारलं, कारण बोर्डांवर लई जाहिराती असतात. डॉक्टर म्हणाले लेझर काही ठिकाणी मदत करतो पण खरवडायचं काम चुकत नाही, फक्त लेझर मारून पायोरिया बरा करतो म्हणणाऱ्याकडं जाऊ नका.

खालची एक दाढ मात्र नाही वाचली. ती काढावी लागली.

तिथं इम्प्लांट बसवू का असं मी लगेच विचारलं. टायटॅनियम आणि हाड एकमेकांना घट्ट धरतात हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क ह्यांच्या लक्षात आलं आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटला दातांचे इम्प्लांट बसवले, तेव्हापासून हे तंत्र खूप पुढं गेलंय, चांगलं आहेच. पण इम्प्लांटला धागे नसतात. तो स्क्रू सरळ हाडाला धरतो, मधला ताणा नाही. आणि ज्या जंतूंनी माझे दात सैल केले तेच जंतू इम्प्लांटभोवतीचंही हाड खातात, शुगर जास्त असेल तर अजून लवकर. म्हणून आधी शुगर ताब्यात, हिरड्या शांत, मग बघू. माझी एचबीए१सी आता ६.९ आहे. माझ्या चारी वेळच्या क्लिनिंगला मिळून जेवढे पैसे लागले तेवढ्यात एक इम्प्लांटसुद्धा आला नसता, हे पैशाकडं बघून थांबणाऱ्यांसाठी सांगते. आणि ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांनी सिव्हिलमध्ये दातांच्या विभागात दाखवा, घरी मीठ चोळत बसू नका.

आता आईबद्दल. आई ७४ वर्षांची आहे. तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायचा तो वास माझ्या लहानपणीच्या प्रत्येक सकाळीत आहे, गल्लीत एका घरी भाजली की चार घरी ठसका लागायचा. आईचे सगळे दात पंचावन्नाच्या आत गेले, कवळी बसवली, आणि घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही, वय झालं म्हणाले. आई नेहमी सांगायची, माझ्या हिरड्यातनं आयुष्यात कधी रक्त आलं नाही, मिश्रीनं हिरड्या घट्ट राहतात. मला तिचं खरंच वाटायचं. डॉक्टरांनी सांगितलं की तंबाखूमुळं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून आतून सगळं कुजत असतानाही रक्त येत नाही. म्हणजे मला रक्त येऊन तरी सूचना मिळत होती, मी ऐकली नाही. आईला तर ती सूचनाही मिळाली नाही. दात गेल्यावरही ती हिरडीला मिश्री लावायचीच. गेल्या उन्हाळ्यात तिला ओढून नेऊन तोंड तपासून आणलं, पांढरे चट्टे वगैरे काही नाहीत, देवाची कृपा. सकाळची मिश्री सुटलीय, दुपारची अजून सुटली नाही, मी मागं लागलेय.

माझं स्वतःचं म्हणाल तर मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका धरून जागच्या जागी हलका हलवायचा, रात्री झोपताना चुकवायचं नाही. आणि फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखा एक अगदी छोटा ब्रश मिळतो, तो प्रत्येक फटीतून. आपल्या शेंगाचटणीचा कूट त्या फटीत जाऊन बसतो तो साध्या ब्रशनं निघतच नाही, हे मला ह्या छोट्या ब्रशनं कळलं. अजून एक, डॉक्टरांनी माझे वरचे दोन दात बघून विचारलं, शिवणकाम करता का? दाताच्या कडेला खाच पडलीय, वीस वर्षं दोरा दातानं तोडल्याची. सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्या किती बायका आहेत, प्रत्येकीनं आरशात आपले दात बघा. मी दोरा कापायची छोटी कात्री मशीनला दोरीनं बांधून ठेवलीय.

धाकट्याला सहा महिन्यांनी परत खो-खो खेळायची परवानगी मिळाली, पण माऊथगार्ड घालूनच. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचे तयार मिळतात, त्याला मात्र मापाचा करून घेतला, त्याचे पुढचे दात थोडे बाहेर आहेत आणि अशा पोरांना इजा लवकर होते. सुरवातीला टीममधली पोरं हसली, आता अजून तिघांनी घेतलाय. सरांच्या किटमध्ये सलाईनची बाटली आणि झाकणाची एक छोटी डबी असते. दाताचा तुकडा पडला तरी तो जपून न्यायचा हे पोरांना पाठ झालंय, तुकडा परत चिकटवता येतो. आमच्या ह्यांचं टोपीसारखं अर्धं हेल्मेट मी टाकून दिलं, हनुवटी आणि दात उघडेच राहतात त्यात, आता पूर्ण तोंडाचं आणलंय, उन्हाळ्यात कुरकुर करतात पण घालतात. आणि सोड्याचं बूच दातानं काढणं घरात बंद. ऊस सोलायचा असेल तर कोयत्यानं.

धाकट्याच्या दाताचं पुढं काय होईल सांगता येत नाही, कधी कधी मूळ हाडाला चिकटून बसतं, कधी हळूहळू झिजतं, म्हणून निदान पाच वर्षं बघत राहायचं. डॉक्टर आरशाच्या दांड्यानं दातावर टकटक करतात आणि कान देऊन ऐकतात, हाडाला चिकटला असेल तर धातूसारखा खणखणीत आवाज येतो. प्रत्येक वेळी ते आधी शेजारच्या दातावर वाजवतात, मग ह्याच्यावर, आणि मी शेजारच्या खुर्चीत श्वास धरून बसलेली असते, कारण दर तीन महिन्यांनी माझंही क्लिनिंग असतं आणि ज्या वेळी त्याचं चेकिंग असेल त्या वेळी आम्ही दोघं एकाच दिवशी जातो. गेल्या वेळेपर्यंत दोन्ही दातांचा आवाज सारखाच होता. पुढची तारीख सोमवारची आहे.